बारदाना वजा जाता

"काय सर, वाळलाव की! शुगर निघाली का?"

एप्रिल-मे महिन्यात धाराशिवच्या बाजारात भाजी घेताना सायकलवाल्याच्या कानावर हा प्रश्न हमखास पडतो. विचारणाऱ्याच्या मनात कुचेष्टा नसते, खरीखुरी काळजी असते. या भागात माणूस उतरला की लोकांच्या डोळ्यांपुढे तीनच कारणं येतात: साखर, कर्ज, नाहीतर घरातलं लग्न. पदरचे पंचवीस-तीस हजार मोडून सायकल घ्यायची, पहाटे पाचला उठायचं आणि मुद्दाम घाम गाळून बारीक व्हायचं, हे चौथं कारण अजून त्या यादीत नीटसं चढलेलं नाही. हाच माणूस जानेवारीत भेटला आणि शर्ट पोटावर जरा ताणलेला दिसला, तर 'आता कशी तब्येत झाली!' अशी शाबासकी मिळते.

मराठीत तब्येत 'होते' ती वाढण्याच्याच दिशेनं. लेकरू बाळसं धरतं, कणीस भरतं, वासरू अंग धरतं; काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसालाही 'किती भरलं?' असंच विचारतात. वजन घटण्याचे शब्द मात्र सगळे कोरड्या सालातले वाटतात. वाळणं, सुकणं, खंगणं, रोडावणं. वर्षाला सरासरी सात-आठशे मिलिमीटर पाऊस, आणि ती सरासरीही वरचेवर चुकवणारं आभाळ, अशा पठारावर भाषेनं भरलेल्याची बाजू घेतली यात नवल काय? सायकलवाल्याची गोची अशी की तो बोलतो या भाषेत, आणि वजनाचा हिशेब वाचतो तो परक्या हवेतला.

सायकलवाला म्हणजे कोण, हेही सांगायला हवं. दुधाचे कॅन अडकवून खेड्यातून शहरात येणारा तो वेगळा. त्याला कुणी छंद म्हणत नाही. हा शाळेत शिकवतो, बँकेत काउंटरवर बसतो, नाहीतर छोटा दवाखाना चालवतो. चाळिशी उलटलेली असते. रक्तदाबाचा आकडा ऐकून म्हणा, टाळेबंदीत घरात बसून कंटाळल्यामुळे म्हणा, त्यानं गिअरची सायकल घेतलेली असते. शहराबाहेर पडायला त्याला रस्त्यांची ददात नाही. रोजचं म्हणजे हातलाई देवीच्या टेकडीकडे नाहीतर धाराशिव लेण्यांकडे जाऊन परत. रविवार असला की गोरोबाकाकांचं तेर, येडशीचं रामलिंग, नाहीतर तुळजापूर. तिन्ही वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात. शहर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास वसलेलं. त्यामुळे लांब जायचं तर बहुतेक वाटा कुठे ना कुठे घाट उतरतात, आणि उतरलेला घाट परतताना चढावाच लागतो. त्या चढावर धाप लागली की त्याला आपल्या पोटाची आठवण होते. घरी गेल्या गेल्या तो मोरीच्या दाराशी ठेवलेल्या डिजिटल काट्यावर उभा राहतो.

काटा या शब्दाला या जिल्ह्यात आधीच संशयाचा वास आहे. ऊस घालणाऱ्या कुणाही शेतकऱ्यापुढे तो शब्द काढून बघावा. पुढची पंधरा मिनिटं दुसरा विषय निघत नाही. सायकलवाल्याचा काटाही काही कमी लबाड नाही, पण त्याची लबाडी समजायला एक अख्खं वर्ष जावं लागतं.

ऋतूप्रमाणे माणसाचं वजन हलतं हे शास्त्रानं मोजलेलं आहे. मोजलं ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांत. तिथला सायकलपटू हिवाळ्यात सायकल भिंतीला टेकवतो, घरात बसतो, खातो आणि वसंतात पोट घेऊन रस्त्यावर येतो. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण यान उलरिच हा जर्मन सायकलपटू. १९९७ची टूर द फ्रान्स त्यानं जिंकली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. पुढच्या वसंतात तो शर्यतींना आला तेव्हा युरोपातल्या वर्तमानपत्रांना त्याच्या गालांखेरीज विषय उरला नाही. त्या उन्हाळ्यात तो मार्को पँतानीच्या मागे दुसरा आला. नंतर तर दर हिवाळ्यात उलरिच किती भरला, ही तिथल्या क्रीडापत्रकारांची हंगामी बातमीच होऊन बसली. जगातल्या सर्वांत बलवान मांड्यांचा माणूसही डिसेंबरच्या केकपुढे हरतो, हे वाचून जगभरच्या हौशी सायकलवाल्यांना जो दिलासा मिळाला असेल त्याची मोजदाद नाही.

सामान्य माणसांचे आकडे इतके नाट्यमय नाहीत. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर भागात जवळजवळ सहाशे माणसांचं खाणं, हालचाल आणि वजन वर्षभर नोंदलं गेलं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. ऋतूंमुळे वजनात पडणारा फरक निघाला अर्धा किलोच्या आसपास, आणि वजनाचा कळस हिवाळ्यात. पानगळीच्या दिवसांत माणसं वसंतापेक्षा दिवसाला ८६ कॅलरी जास्त खात होती. ८६ कॅलरी म्हणजे ज्वारीची अर्धी भाकरी. पानात ती वाढली काय आणि राहिली काय, वाढणारीच्याही लक्षात येत नाही. पण किलोभर चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात, त्या हिशेबानं रोजची ही अर्धी भाकरी नव्वद दिवसांत कागदावर एक किलो होते.

त्याआधी, २००० साली, अमेरिकेतल्याच १९५ माणसांवरचा एक अभ्यास छापून आला होता. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत सणासुदीत ही माणसं सरासरी फक्त ३७० ग्रॅम वाढली. त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण याच्या कितीतरी पट वाढलो! पण हे चिमूटभर वजन वसंत आला म्हणून परत गेलं नाही. दरवर्षी पावकिलो-अर्धाकिलो असं मुक्कामाला राहिलं की चाळिशीतला माणूस पन्नाशीला कसा दिसतो, हे सांगायला वेगळा अभ्यास नको.

आणखी एक निष्कर्ष धाराशिवच्या माणसाला जवळचा वाटावा. २०१६ साली अमेरिका, जर्मनी आणि जपान या तीन देशांतल्या जवळपास तीन हजार माणसांच्या घरगुती वजनकाट्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अमेरिकनांचं वजन थँक्सगिव्हिंग आणि नाताळला चढलं, जर्मनांचं नाताळ आणि ईस्टरला. जपान्यांचं नववर्षाखेरीज 'गोल्डन वीक'मध्येही चढलं, आणि तो येतो एप्रिलच्या अखेरीस नि मेच्या आरंभी, म्हणजे थंडी सरल्यावर. शरीर तापमापकाकडे कमी आणि पंचांगाकडे जास्त बघतं, असाच त्याचा अर्थ.

मग प्रश्न एवढाच उरतो की धाराशिवच्या पंचांगात काय आहे.

इथं सगळं उलटं आहे. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची जुनी सायकलयात्रा ऑगस्टमध्ये भरते, कारण तिथं तो सायकलीचा काळ. आपल्याकडे सायकलीचा खरा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, गार आणि रस्ता स्वच्छ. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरं करायची ती 'बीआरएम', जिचं नाव काढलं की घरच्यांच्या कपाळाला आठी पडते, ती याच दिवसांत मारावी असं मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या सायकलवाल्यांना वाटतं. म्हणजे परदेशी पुस्तकाप्रमाणे ज्या महिन्यांत वजन वाढायचं, त्या महिन्यांत हा वर्षातली सर्वांत जास्त सायकल चालवतो. वजन उतरायला हवं.

उतरत नाही. कारण पठारावरची जमीन तिचं सगळं चांगलंचुंगलं नेमकं याच महिन्यांत बाहेर काढते. शाळू पोटरीत येतो, हरभरा घाट्यावर येतो, तुरीच्या शेंगा भरतात, उसाचं गाळप सुरू होतं आणि नवा गूळ दुकानात दिसायला लागतो. डिसेंबर सरता सरता हुरडा. आगटीतून कणसं काढायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. रविवारच्या सायकलफेरीचा रस्ता या दिवसांत आपोआप कुणातरी मित्राच्या शेताकडे वळतो. तीस किलोमीटर सायकल मारून हुरड्याला बसलेल्या माणसाला आपण जे खातोय ते कमावलेलं आहे असा ठाम विश्वास असतो. हिशेब मात्र वेगळं सांगतो. सत्तर किलोच्या माणसानं तासभर, ताशी अठरा-वीसच्या बेतानं सायकल चालवली तर साडेचारशे-पावणेपाचशे कॅलरी जातात. हुरडा मोजून कुणी खात नाही, हे त्याचं पहिलं लक्षण आहे.

आणि मग येळवस.

बाहेरच्या वाचकासाठी: मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या, बोलीत येळवस. धाराशिव, लातूर, सोलापूरचा काही भाग आणि पलीकडे कर्नाटकाच्या सीमेलगतचे जिल्हे एवढ्या टापूतच तिचा थाट. पुण्याकडच्या माणसाला हा सण समजावून सांगताना इथल्या माणसाचा आवाज चढतो. त्या दिवशी घरं बंद आणि शेतं भरलेली. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. पूजा झाली की सगळ्या रानात आंबील शिंपडायची आणि पंगत बसायची. हिरवे वाटाणे, तूर, हरभरा, शेंगदाणे, हाताला लागेल ती पालेभाजी असं सगळं ताकात-बेसनात शिजवलेली भज्जी. सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे. तिळाची पोळी, शेंगांची पोळी, गव्हाची खीर, भात, आणि मडक्यात आंबवलेली गार आंबील. एका शेतात जेवून भागत नाही. शेजारच्या बांधावरून हाक येते, मग त्याच्या पलीकडच्या. 'आम्ही जेवलोय' हे वाक्य येळवशीला उत्तर म्हणून स्वीकारलं जात नाही. सायकलवरून आलेल्या पाहुण्याला तर नाहीच. तो इतक्या लांबून पायडल मारत आला म्हणून त्याच्या पानात एक उंडा जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा दीड-दोन किलो वर दाखवतो आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. इथं काट्याची पहिली लबाडी उघडी पडते. दीड किलो चरबी साठायला साडेअकरा हजार कॅलरी जादा लागतात. एवढं येळवशीलाही जमत नाही. काट्यावर चढलंय ते बहुतांशी पाणी. स्नायू आणि यकृत मिळून चार-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. लांबच्या सायकलफेरीनं रिकामी झालेली ही कोठारं पोळी-खिरीनं पुन्हा भरतात. त्यात भज्जीतल्या मिठानं अडवलेलं पाणी, आणि पोटात अजून पुढे न सरकलेलं जेवण. दोन दिवस नेहमीसारखं खाल्लं-फिरलं की यातलं बरंचसं उतरतं. तिसऱ्या दिवशी काटा खाली आलेला पाहून सायकलवाला ते श्रेय सायकलला देतो, ही त्याची स्वतःची लबाडी.

चरकसंहिता वाचणारा एखादा वैद्य या सगळ्यावर नुसता हसेल. सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. हेमंतात बाहेरच्या थंडीनं कोंडलेला जठराग्नी प्रबळ होतो. त्याला पुरेसं सरपण दिलं नाही तर तो शरीरातला रसच खायला लागतो. म्हणून या ऋतूत स्निग्ध, जड खावं, दूधदुभतं, नवा भात खावा, आणि चक्क उसाचे पदार्थ खावेत असा सल्ला आहे. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात याहून लाडका ग्रंथ दुसरा कोणता असणार? पुढे वाग्भटानं अष्टांगहृदयात व्यायामाचंही माप घालून दिलं: थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनं करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. चरकानं तर ग्रीष्मात आणि वर्षा ऋतूत व्यायाम टाळायलाच सांगितलं आहे. युरोपातलं सायकलीचं वेळापत्रक धाराशिवला लागू पडत नाही, चरकाचं पडतं. तिथं भूक आणि हालचाल वेगवेगळ्या ऋतूंत येतात, इथं दोघी हातात हात घालून हिवाळ्यात येतात. त्यामुळे इथल्या हौशी सायकलवाल्याचं वजन हिवाळ्यात धड वाढत नाही, धड घटत नाही. पायात ताकद आणि पोटावर साय, दोन्ही एकदम चढतात. भूमकडचा कुंथलगिरीचा खवा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचे पेढे रस्त्यात लागत असतील तर सायीचं पारडं थोडं जड, एवढंच.

मार्च संपता संपता वारं बदलतं. पठारावर पारा चाळिशीला टेकतो, आठ वाजताच डांबर तापतं. सायकलफेरी पहाटे पाच ते सातच्या फटीत आक्रसते. शनिवारी पन्नास किलोमीटर मारणारा पंचवीसवर येतो, पंचवीसवाला लग्नसराईचं निमित्त सांगून घरीच राहतो. हालचाल निम्मी झाली आणि तरी काटा खाली! 'वाळलाव की' हा प्रश्न याच दिवसांतला.

याचीही उकल पाण्यातच आहे. उन्हात तासभर सायकल चालवली की लिटरभर घाम सहज जातो आणि लिटर म्हणजे किलो. परत आल्या आल्या काट्यावर उभं राहिलं की किलो कमी दिसणारच. दोन तांबे पाणी पोटात गेलं की ते परत. पण उन्हाळ्याचा दुसरा हात भुकेवर चालतो. दुपारी भाकरी नको वाटते. ताक, कांदा, दहीभात यांवर दिवस निघतो. हिवाळ्यातली ती अर्धी भाकरी पानातून आपोआप उचलली जाते, एखादी जास्तच. शिवाय स्नायूंना काम कमी मिळालं की तेही हळूहळू उतरतात. म्हणजे उन्हाळ्यात कमी झालेल्या किलोत चरबी किती, पाणी किती आणि मांडीचा कष्टानं कमावलेला स्नायू किती, हे काटा सांगत नाही. तो एकच आकडा दाखवतो आणि माणूस खूश होतो. लग्नातल्या जेवणावळी आणि मे महिन्यातला आमरस ही खुशी फार टिकू देत नाहीत, ते वेगळं.

मृगाचा पाऊस पडला की सायकलवाल्याला वाटतं आता गारवा, आता फिरू. पण बालाघाटावर जून-जुलै हे पावसापेक्षा वाऱ्याचे महिने. वाशी-भूमच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. सकाळी बार्शीच्या दिशेनं, पश्चिमेला निघालं की समोरून वारं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद त्याहून झपाट्यानं; ताशी वीसवाला सायकलवाला बारावर येतो आणि गिअर मोजत बसतो. परतताना तेच वारं पाठीशी घेऊन तिशी गाठली की वाटतं, झालो आपण तयार. डांबर सोडून शेताच्या वाटेवर चाक घातलं की काळी माती मडगार्डात अशी भरते की चाक फिरायचं थांबतं. वर्षभर स्वतःचं वजन अर्धा अर्धा किलोनं मोजणाऱ्या माणसाच्या सायकलचंच वजन पाच मिनिटांत दोन किलोनं वाढतं, आणि ते कमी करायला बाभळीची काडी पुरते.

पुढे आषाढी, श्रावण, गणपती, नवरात्र. उपवासांची ही रांग कागदावर तरी वजन उतरवणारी. प्रत्यक्षात साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, भगर, बटाटा, तळलेल्या पापड्या. उपवासाच्या दिवशी घरात तेल किती लागतं हे बाईमाणसांना विचारावं. पुरुषमंडळींचा या विषयात अभ्यास कच्चा. नवरात्रात तुळजापूरचे रस्ते चालत्या माणसांचे असतात. गावोगावचे तरुण तुळजाभवानीची ज्योत पेटवून आळीपाळीनं धावत आपापल्या गावी नेतात. कोजागिरीला सोलापूरकडची माणसं पंचेचाळीस किलोमीटर अनवाणी चालत येतात. त्या गर्दीत सायकल बाजूला घेऊन उभं राहिलं की हौसेनं केलेल्या व्यायामाची थोडी लाज वाटते. रात्रभर चालणाऱ्या त्या बायकांपैकी कुणी आपलं वजन किती उतरलं हे बघायला घरी जाणार नसते.

घाटाचा हिशेबही इथंच करून टाकलेला बरा, कारण सगळी धडपड त्या चढासाठी. एक किलो वजन शंभर मीटर उंच न्यायला साधारण एक किलोज्यूल काम लागतं. माणूस आणि सायकल मिळून पंच्याऐंशी किलो धरलं आणि हिवाळ्यानं त्यात दोन किलोंची भर घातली, तर तुळजापूरच्या घाटात दहा मिनिटांचा चढ फार तर पंधरा सेकंदांनी लांबतो. सपाटीवर तर तो फरक वाऱ्यातच हरवतो. पंधरा सेकंद! शर्यतीत उतरणाऱ्याला ते फार असतात. रविवारी घाट चढून चहा पिणाऱ्याच्या चहाची वाफही तेवढ्यात जात नाही. तरी तो मोजतो. हलकं सीट, हलकं चाक, हजारो रुपये देऊन तीनशे ग्रॅम कमी. आणि चढ संपल्यावर टपरीवर भज्यांची प्लेट.

याच रस्त्यावरून, याच हिवाळ्यात, दुसरी शरीरंही जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाशी, भूम, परंडा, कळंब भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडी, सरपण, शेळी आणि लेकरं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची ती तोडलेल्या टनांवर. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, दिवसातून कितीतरी वेळा. ज्या चार महिन्यांत सायकलवाला हुरड्यानं भरतो, त्या चार महिन्यांत ही माणसं उतरतात. त्यांच्या नोंदी कुठल्या घरगुती काट्यावर नाहीत. आफ्रिकेतल्या गांबिया देशात मात्र शेतकरी बायकांची वजनं वर्षानुवर्षं नोंदली गेली. पावसाळ्यात, जुनं धान्य संपलेलं आणि शेतीची कामं ऐन भरात असताना त्यांचं वजन किलो-किलोनं खाली येतं आणि सुगी झाली की परत चढतं. वुस्टरचा अर्धा किलो आणि गांबियाचे हे किलो, दोन्ही ऋतूचेच. पहिला खाण्यातल्या अर्ध्या भाकरीचा, दुसरा नसलेल्या भाकरीचा. धाराशिवच्या एकाच रस्त्यावर डिसेंबरच्या सकाळी सहा वाजता दोन्ही समोरासमोर येतात. ट्रॅक्टरवरच्या पोरांना हेल्मेटवाला माणूस दिसला की ती ओरडून हात करतात. सायकलवालाही घंटी वाजवतो.

जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं; शेळी अजून उस्मानाबादीच आहे. चारा हिरवा झाला की ती अंगावर येते, उन्हाळ्यात बरगड्या दाखवते, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. बकरी ईदेच्या आधीच्या बाजारात तिचं वजन हातांनीच जोखलं जातं. बाजारातला जाणता माणूस शेळीच्या पाठीवरून बोटं फिरवतो आणि आकडा सांगतो.

सायकलवाल्याच्या घरचा काटा एकदा मार्चमध्ये बंद पडला. सेल संपला होता, पण दुकान उघडायला वेळ होता आणि हिवाळ्याचा हिशेब लागल्याशिवाय चैन नव्हती. फेरीवरून परतताना आडत बाजार लागला. नव्या ज्वारीची पोती रचलेली, लोखंडी काट्यावर माप चाललेलं. मापाडी पन्नाशीतला, छातीची हाडं दिसणारा, खांद्यावर पंचा. सकाळपासून किती पोती पाठीवर गेली असतील कोण जाणे. सायकलवाल्यानं सायकल भिंतीला लावली आणि भीत भीत विचारलं.

"या की सर, चढा," मापाडी म्हणाला. "नुसतं तुमचंच का सायकलसकट?"

एक पोतं खाली उतरवून त्यानं जागा करून दिली. सायकलवाला चढला. डोक्यावर हेल्मेट, पायात बूट, पाठीवर पिशवी, पिशवीत अर्धी बाटली पाणी आणि येडशीच्या मित्रानं दिलेला दोन किलो हरभरा. आजूबाजूचे हमाल बिडी विझवून जवळ आले. मापाडी आकड्याकडे बघत राहिला, कानावरचं पेन काढलं, वही मांडीवर घेतली आणि तोंडावरची रेष न हलवता विचारता झाला,

"बारदाना किती धरू?"